फोटोतला चेहरा मेणाचा दिसतोय? डाग पुसायच्या आधी हे बघा

दरवर्षी वधू-वर मेळाव्याचे फॉर्म निघाले की माझ्याकडे फोटो यायला लागतात, कधी मावशी पाठवते, कधी काकू, कधी शेजारच्या वहिनी, आणि म्हणणं सगळ्यांचं एकच, "अरे बेटा, हिच्या तोंडावरचे ते दोन फोड तेवढे काढून दे, बाकी फोटो बढिया आहे." इंदूरात आपल्या लोकांमध्ये मी कॉम्प्युटरवर फोटो नीट करून देतो हे रामबागेपासून सुदामा नगरापर्यंत बऱ्याच घरी माहीत आहे. पण हल्ली फोटो माझ्यापर्यंत येतो तोच आधी कोणीतरी घरीच हात मारून पाहिलेला असतो. गाल मेणासारखे गुळगुळीत, केसांच्या कडेला कपाळावर एक मळकट राखाडी धब्बा, आणि फोड गेलाय पण त्याच्या जागी गुलाबी डाग तसाच्या तसा. खाली मेसेज, "आम्ही ठीक करून पाहिला, पण काहीतरी बिघडलंय, काय ते कळून नाही राहिलं."

एवढ्या वेळा हेच बघितलंय की म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढावं. मी स्वतः जिम्प नावाचं फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर वापरतो कारण ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवरही चालतं, ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांच्यासाठी तिथलं नावही सोबत देतो.

आधी रोग समजून घ्या. चेहऱ्यावरचा डाग तीन गोष्टींचा असू शकतो: रंगाचा, उजेड-सावलीचा, किंवा पोताचा. पोत म्हणजे कातडीची जाळी, ती बारीक छिद्रं, ती लव, ज्यामुळे कातडी कातडी वाटते. आता साधा फोड घ्या. त्यात लाली असते, थोडासा उंचवटा म्हणून एका बाजूला बारीकशी सावली असते, पण त्याच्यावरची कातडीची जाळी बहुतेक शाबूत असते. म्हणजे दोष रंगात आणि सावलीत आहे, आणि आपण काय करतो, ब्लर मारतो म्हणजे धूसर करतो, स्मूद करतो. ब्लरनं पहिल्यांदा मरतो तो पोत, जो बिचारा चांगला होता, आणि लाली मात्र जात नाही, ती आजूबाजूला पसरते. म्हणून गुळगुळीत गाल आणि त्यावर गुलाबी ढग असं चित्र उरतं. ॲप वाईट म्हणून असं होत नाही, चुकीच्या जागी औषध लावलं म्हणून होतं.

हे मीही करून बसलोय. सुरुवातीच्या काळात मावसबहिणीचा फोटो होता, मी अख्ख्या चेहऱ्याचं सिलेक्शन करून गाउशियन ब्लर मारला, डोळे-ओठ तेवढे परत आणले, मला वाटलं काय भारी झालं. प्रिंट काढून घरी नेला तर आजी बराच वेळ फोटो हातात धरून बसली आणि म्हणाली, "आपली पोर कुठे आहे यात?" मावसबहिणीच्या हनुवटीवरचा तीळ गेला होता, आणि हसताना डोळ्याखाली जी एक घडी पडते ती गेली होती. तो फोटो मी परत घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून केला, आणि तेव्हापासून एक नियम पाळतो: पंधरा दिवसांत जे आपोआप जाणार आहे ते काढायचं, जे माणसाबरोबर राहणार आहे ते ठेवायचं. फोड, ओरखडा, डास चावलेला, नवीन रेझरनं कापलेलं हे जाईल. तीळ, जन्मखूण, लहानपणीची टाक्यांची खूण हे त्या माणसाचं आहे, ते त्यानं स्वतः सांगितल्याशिवाय काढू नका.

डाग कुठल्या जातीचा आहे हे ओळखायची एक पक्की तपासणी आहे आणि ती कोणी करतच नाही. चॅनेल बघा, म्हणजे फोटोतला लाल, हिरवा आणि निळा उजेड वेगवेगळा करून बघा. फोटोशॉपमध्ये चॅनेल्सच्या पॅनलवर रेड, मग ग्रीन, मग ब्लू असं एकेकावर क्लिक करा, जिम्पमध्ये कलर्स मेनूत कॉम्पोनंट्स आहे त्यात डिकम्पोज, तिथे आरजीबी निवडलं की तीन वेगवेगळे काळे-पांढरे लेयर म्हणजे थर मिळतात. रेडमध्ये चेहरा एकदम साफ, उजळ दिसेल. ब्लूमध्ये तोच चेहरा बघून घाबरायला होतं, प्रत्येक डाग, प्रत्येक वांग, डोळ्याखालचं काळं, सगळं वर आलेलं. कारण सरळ आहे, लाल डाग लाल उजेड परत फेकतो म्हणून रेडमध्ये तो आजूबाजूच्या कातडीत मिसळून जातो, आणि निळा-हिरवा उजेड तो शोषून घेतो म्हणून तिथे काळा पडतो. तर आता तुमचा डाग रेडमध्ये गायब झाला तर तो रंगाचा दोष आहे, त्याला ब्लर-हीलिंग काही लागत नाही, रंग दुरुस्त केला की पुरे. तिन्ही चॅनेलमध्ये दिसला तर तो सावलीचा किंवा पोताचा, मग हीलिंग ब्रश काढा, तो कसा चालतो ते पुढे सांगतो.

यावरून आठवलं. आपल्या इंदूरशी फोटोग्राफीचं नातं फार जुनं आहे, लाला दीनदयाळ १८६६ मध्ये इथेच पीडब्ल्यूडीत नोकरीला लागले होते आणि १८७४ च्या आसपास त्यांनी इथेच कॅमेरा हातात घेतला, पुढे ते निजामाचे दरबारी फोटोग्राफर झाले. त्या काळच्या काचेच्या प्लेटांना लाल रंग जवळजवळ दिसतच नसे, त्या निळ्या उजेडावर चालत. म्हणजे त्या जमान्यातलं प्रत्येक पोर्ट्रेट एका अर्थानं नुसत्या ब्लू चॅनेलचं पोर्ट्रेट आहे, म्हणून त्यात कातडी गडद येई आणि चेहऱ्यावरची प्रत्येक लाली, प्रत्येक वांग काळ्या ठिपक्यासारखी उठून दिसे, आणि म्हणून निगेटिव्हवर पेन्सिलनं बारीक काम करणारे लोक तेव्हापासूनच होते. आपल्याकडे तीनही चॅनेल वेगळे हातात आहेत, त्या लोकांकडे नव्हते, तर त्याचा उपयोग करा ना. फोटो शेवटी ब्लॅक अँड व्हाइटच करायचा असेल तर फोटोशॉपच्या चॅनेल मिक्सरमध्ये मोनोक्रोमवर टिक करा, जिम्पमध्ये मोनो मिक्सर उघडा, आणि रेड जास्त ठेवा, अर्धे फोड कशालाही हात न लावता गेलेले दिसतील. ओठ मात्र फिके पडतात, तेवढं ग्रीन थोडं वाढवून सांभाळून घ्या.

काम सुरू करायच्या आधी फाइल बघा, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ तिथेच असतं. मागच्या महिन्यात भाचीचा फोटो आला, गालावर लाली होती, ती रंगानं कमी करायला गेलो तर गालावर चौकोन चौकोन उठायला लागले. तिला विचारलं तर फोटो आधी आत्याला व्हॉट्सॲपवर गेला होता, आत्याकडून मावशीला, मावशीकडून माझ्याकडे, मधे एकदा कोणीतरी स्क्रीनशॉटही काढला होता. जेपेग फाइल फोटोला ८ बाय ८ पिक्सेलच्या चौकोनांत तोडून साठवते आणि रंगाची माहिती तर उजेडाच्या माहितीपेक्षाही जाडीभरडी ठेवते, दर वेळी नव्यानं दाबली गेली की अजून थोडं जातं. डोळ्यांना ते दिसत नाही, पण तुम्ही रंग ओढायला लागलात की ते चौकोन बाहेर येतात. त्यावर कुठलाही ब्रश चालत नाही. ज्या फोनवर फोटो काढला त्याच फोनवरून डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर ईमेलनं, नाहीतर केबल लावून घ्या. भाचीनं तसा पाठवला आणि तेच काम दहा मिनिटांत झालं. आणि तुम्ही स्वतः काम करताना मधे मधे जेपेगमध्ये सेव्ह करू नका, जिम्पचं एक्ससीएफ किंवा फोटोशॉपचं पीएसडी ठेवा, जेपेग अगदी शेवटी एकदाच.

आणि हो, फोटो काढतानाच फोनचा ब्यूटी मोड बंद करा. तो चालू असेल तर पोत कॅमेऱ्यातच पुसला जातो, मग माझ्याकडे परत आणायला काही उरतच नाही. तसा फोटो आलाच आणि दुसरा नसेलच तर वरून थोडासा नॉइज म्हणजे बारीक दाणे टाकतो, रंगीत नको, एका रंगाचा, अगदी जेमतेम, म्हणजे प्रिंटमध्ये निदान प्लास्टिक वाटत नाही. पण तो इलाज नाही, वेळ मारून नेणं आहे.

आता उजेड. चेहऱ्याचा दोष म्हणून जे येतं त्यातलं बरंच चेहऱ्याचं नसतंच, खोलीचं असतं. आपल्याकडे जुन्या घरांमधून हिरव्या नाहीतर फिरोजी भिंती, वरती ट्यूबलाइट, बाजूला पिवळा बल्ब, आणि पोरगी उभी भिंतीला टेकून. एक गाल हिरवा, एक गाल पिवळा. घरच्यांना वाटतं चेहरा निस्तेज आलाय, मग ब्राइटनेस वाढवतात, मग अजून वाईट. बल्बचा उजेड साधारण २८०० केल्विनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) आणि दिवसाचा साडेपाच हजाराच्या आसपास, दोन्ही एका फोटोत आले तर एक व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरं दिसावं म्हणून केलेली रंगाची जुळवणी, दोघांना पुरणार नाही. अशा वेळी फोटोच्या लेयरची कॉपी करा, एक कॉपी हिरव्या बाजूसाठी ठीक करा, कर्व्ह्जमध्ये, म्हणजे उजेड-रंग कमीजास्त करायच्या आलेखात, ग्रीन चॅनेलची रेष मधोमध पकडून अगदी थोडा खाली ओढा, हिरवट जाऊन कातडी परत येते, मग त्या लेयरला काळा मास्क लावून (मास्क काळा तिथे लेयर झाकला जातो, पांढरा तिथे दिसतो) मऊ पांढऱ्या ब्रशनं तेवढाच गाल उघडा. पिवळ्या बाजूचं तसंच वेगळं. हे झाल्यावर पुन्हा फोडाकडे बघा, बऱ्याचदा तो आता तितका खुपत नाही.

लाल शालूचं अजून एक असतं, उन्हात लाल शालू नेसून फोटो काढला की हनुवटीखाली आणि गळ्यावर लाल झाक चढते आणि लोक म्हणतात गळा वेगळा दिसतोय. नवीन रिकामा लेयर घ्या, त्याचा मोड कलर करा, गालाच्या चांगल्या भागातून रंग उचला आणि मऊ ब्रशनं १५-२० टक्के ओपॅसिटीवर, म्हणजे रंग अगदी पातळ ठेवून, गळ्यावरून हळूहळू फिरवा. कलर मोडमध्ये उजेड-सावली आणि पोत खालचाच राहतो, रंग तेवढा बदलतो.

हळदीच्या फोटोंना मात्र ऑटो करू नका. ऑटो व्हाइट बॅलन्सला वाटतं एवढं पिवळं म्हणजे उजेडच पिवळा, तो ते काढायला जातो आणि नवरी निळसर-राखाडी होऊन जाते, पांढरा सदरा घातलेला मामा निळा. रंगपंचमीच्या गेरमधल्या, म्हणजे आपल्या इंदूरच्या रंगाच्या मिरवणुकीतल्या फोटोंचंही तेच, राजवाड्यासमोर गुलालानं माखलेला चेहरा आहे, तो गुलाल हा दोष नाही. अशा फोटोत एखादी पांढरी-राखाडी गोष्ट शोधा, कपड्याचा कोपरा, डोळ्यातलं पांढरं, त्यावरून हातानं बॅलन्स करा.

मग येऊ लालीवर, जे सगळ्यात जास्त लागतं. लेयरची कॉपी, ह्यू-सॅच्युरेशन (रंगाची छटा आणि भडकपणा) उघडा, मास्टरवर म्हणजे सगळ्या रंगांवर एकदम काही करू नका, फक्त रेड निवडा, ह्यू अगदी थोडा पिवळ्याकडे, म्हणजे पाच-सातपर्यंत उजवीकडे, सॅच्युरेशन थोडं कमी. बघताना अख्खा चेहरा आजारी वाटेल, वाटू द्या. आता काळा मास्क, आणि मऊ ब्रशनं फक्त फोडांवर, नाकाच्या कडेला, गालावर जिथे जिथे लाल आहे तिथे पांढरं लावा. डाग जातो आणि जाळी जशीच्या तशी राहते, कारण तुम्ही पिक्सेलची उजळ-काळी मांडणी बदललीच नाही. ओठांवर जाऊ देऊ नका. मी पैजेवर सांगतो, दहातल्या सहा-सात फोटोंचं काम इथेच संपतं आणि हीलिंगची गरजच पडत नाही.

उरलेल्यांना हीलिंग, आणि तो राखाडी धब्बा इथेच येतो, म्हणून जरा सावकाश वाचा. हीलिंग ब्रश काय करतो तर तुम्ही जिथून उचललं तिथला पोत घेतो आणि जिथे लावताय तिथल्या आजूबाजूचा रंग-उजेड घेऊन त्यात मिसळतो. फोटोशॉप ७ मध्ये २००२ साली आला तेव्हा सगळ्यांना जादू वाटली होती ती यामुळेच, क्लोन टूल एका जागेचं जसंच्या तसं दुसरीकडे चिकटवतं, त्यात रंग जुळवत बसावं लागे, इथे तो स्वतः जुळवतो. पण आजूबाजूचा म्हणजे कुठला? ब्रशच्या गोलाच्या कडेला जे असेल तो. ती कड भुवईला लागली, केसांना लागली, नथीच्या मोत्याला लागली, कुंकवाला लागली, तर तिथला काळा-लाल रंग वाहत आत येतो. झाला धब्बा. मग लोक त्या धब्ब्यावर पुन्हा हीलिंग मारतात, तो अजून पसरतो, मग अजून मोठा ब्रश, आणि अर्धं कपाळ मळकट.

याचा उपाय असा की कडेजवळ काम असेल तेव्हा आधी लॅसोनं, म्हणजे हातानं कड काढून भाग निवडायच्या टूलनं, सिलेक्शन करा, डागापेक्षा मोठं, पण जिथे केस किंवा भुवई सुरू होते तिथे बरोबर त्या रेषेवरून नेलेलं, म्हणजे गडद भाग सिलेक्शनच्या बाहेर राहील. आता हीलिंग करा, फोटोशॉपमध्ये बाहेरचा रंग आत येणार नाही. जिथे एवढीही जागा नाही, जसं ओठाच्या अगदी कडेला किंवा नथीखाली, तिथे हीलिंग सोडून द्या आणि क्लोन घ्या, ब्रश लहान, ओपॅसिटी ३०-४०, दोन-तीन वेळा हलकं हलकं.

उचलायचं कुठून हेही महत्त्वाचं. जिम्पमध्ये कंट्रोल दाबून क्लिक, फोटोशॉपमध्ये ऑल्ट दाबून. गालावरचा फोड गालावरूनच बुजवा आणि त्याच बाजूच्या उजेडातून, कपाळाची कातडी गालावर लावली तर छिद्रांचा आकार जुळत नाही, नाकावरची तर अजिबात नाही. प्रत्येक फोडाला नवी जागा उचला, एकाच जागेवरून दहा वेळा घेतलं की तोच बारीक केस किंवा तेच छिद्र दहा ठिकाणी दिसतं आणि डोळा ते पकडतो, का विचित्र वाटतंय ते सांगता येत नाही पण विचित्र वाटतं. ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा ठेवा, ओढू नका, टिचक्या मारा. फोटोशॉपवाल्यांनी वरती रिकामा लेयर घेऊन सॅम्पलमध्ये करंट अँड बिलो निवडायचं, म्हणजे चुकलं तर तेवढंच पुसता येतं. जिम्पमध्ये मी लेयरची कॉपी करून तिच्यावरच करतो, आणि शेवटी त्या कॉपीची ओपॅसिटी ८०-८५ वर आणतो, डागाची अगदी पुसटशी खूण राहते आणि त्यामुळेच चेहरा खरा वाटतो.

"फोड नाहीत पण चेहरा धब्बेदार दिसतो," अशीही एक तक्रार येते, विशेषतः फ्लॅशच्या फोटोंची आणि उन्हात फिरणाऱ्यांची. हे मोठे मोठे उजळ-काळे ढग असतात, हीलिंगनं जात नाहीत. यासाठी पोत आणि ढग वेगळे करावे लागतात. जिम्पमध्ये फिल्टर्समध्ये एनहान्स आणि त्यात वेव्हलेट डिकम्पोज आहे, ते बारीक तपशिलापासून मोठ्या तपशिलापर्यंत पाच स्केलचे लेयर आणि एक रेसिड्युअल म्हणजे उरलेल्याचा लेयर काढून देतं. स्केल एक-दोनमध्ये छिद्रं, लव, पापण्या, आणि चार-पाचमध्ये हे ढग. एक-दोनला हात लावू नका. चार किंवा पाचच्या लेयरवर जा, फीदर म्हणजे मऊ कड असलेल्या लॅसोनं धब्ब्याचा भाग घ्या आणि तिथे हलका ब्लर मारा. ब्लर इथे शोभतो, कारण या लेयरवर पोत नाहीच. फोटोशॉपवाले हेच फ्रीक्वेन्सी सेपरेशननं करतात, खालची कॉपी ब्लर, वरच्या कॉपीवर अप्लाय इमेज, ८ बिटला सबट्रॅक्ट, स्केल २, ऑफसेट १२८, मोड लिनियर लाइट. वरची कॉपी राखाडी न होता रंगीत किंवा जळकी दिसली तर हे आकडे परत बघा, १६ बिटच्या फाइलला ते वेगळे असतात: ॲड, इन्व्हर्टवर टिक, स्केल २, ऑफसेट शून्य. आणि ब्लर किती? डोळे-नाक ओळखू येतील पण छिद्रं जातील इतका, जास्त केला तर डोळ्यांभोवती आणि जबड्याभोवती आभा येते, तीही एक नेहमीची तक्रार आहे.

तेलकट चमकेचं थोडक्यात सांगतो. कपाळावर फ्लॅशनं पांढरा पट्टा पडला असेल तर तिथे माहितीच उरलेली नसते, रेड-ग्रीन-ब्लू तिन्ही आकडे २५५, म्हणजे नुसतं पांढरं. शेजारचा कातडीचा रंग उचलून ब्रशचा मोड डार्कन ठेवा, १५ टक्क्यांवर, चमक जरा बसते. पूर्ण घालवू नका, थोडी चमक नसली की चेहरा पीठ फासल्यासारखा होतो. लाल डोळ्यांचं सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तयार टूल आहे, फक्त त्यातला तो पांढरा ठिपका सांभाळा, तो गेला की नजर मरते. चष्म्यावरचं चमकणं मी सरळ परत पाठवतो, चष्म्याच्या काड्या कानावर जराशा वर उचलून दुसरा फोटो काढा म्हणतो, दोन मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट मी करत नाही. "जरा गोरी करून दे ना." हे दर तिसऱ्या फोटोबरोबर येतं, आणि आपल्याच घरातल्या बायका हे लेकीच्या देखत म्हणतात याचं मला फार वाईट वाटतं. भाचीच्या फोटोच्या वेळी मावशीनं फोनवर हेच म्हटलं आणि ती पोर मागे बसलेली, ऐकत होती. मी म्हटलं, मावशी, उजेड कमी होता तो वाढवून देतो, तिचा रंग तिचाच राहील. हे दोन वेगळे आहेत आणि तांत्रिकदृष्ट्याही वेगळे आहेत. एक्सपोजर कमी असेल तर दातांचं, डोळ्यांचं पांढरं, कपड्याचं पांढरं सगळंच मळकट असतं, ते कर्व्ह्जनं वर आणलं की चेहराही आपोआप त्याच्या जागी येतो. पण पांढरं आधीच पांढरं आहे आणि तुम्ही नुसती कातडी वर ओढताय, तर तिथली लाल-पिवळी गंमत धुतली जाते, कातडी राखाडी-गुलाबी होते, आणि हात-गळा वेगळा, चेहरा वेगळा. सावळ्या कातडीत पिवळ्याचं वजन लालपेक्षा थोडं जास्तच असतं, ते काढलंत की तब्येत गेलेली दिसते. माझ्याकडे आलेल्या मेणाच्या चेहऱ्यांमधले कितीतरी या एका हट्टानं बिघडलेले असतात. भाचीचा फोटो मी तिच्याच रंगात दिला, खिडकीकडची बाजू थोडी उघडली, दोन फोडांची लाली काढली, बस.

म्हाताऱ्या माणसांच्या फोटोंना तर अजूनच कमी हात लावा. आमच्या आबांचा भिंतीवर लावायला फोटो हवा होता, एका लग्नाच्या ग्रुप फोटोतून काढलेला. घरातल्या एकानं तो उत्साहानं ॲपमधून काढून आणला, सुरकुत्या गेलेल्या, आणि गालांवरचे देवीचे व्रणही गेलेले. काकूनं बघून नुसती मान हलवली. १९७५ नंतर आपल्या देशात देवीचा रोगी सापडलेला नाही, म्हणजे तसे व्रण असलेले चेहरे आता ती पिढी गेली की दिसणार नाहीत, आणि आम्ही ते स्वतःच्या हातानं पुसत होतो. मी मूळ फोटो प्रिंट होता तो ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) पुन्हा स्कॅन केला, मधली घडी आणि बुरशीचे ठिपके हीलिंगनं काढले, पिवळटपणा काढला, चेहऱ्याला ब्रश लावलाच नाही. फक्त डोळ्यांच्या खोबणीतली सावली थोडी उघडली, सॉफ्ट लाइट मोडवर ५० टक्के राखाडीचा लेयर आणि त्यावर ४-५ टक्क्यांचा पांढरा ब्रश. जुन्या फोटोत बुरशीचा ठिपका कुठला आणि व्रण कुठला हे कसं ओळखायचं विचाराल तर ठिपके चेहऱ्याबाहेर कोटावर, भिंतीवरही तसेच असतात, आणि व्रणाला उजेडाच्या दिशेनं सावली असते.

पासपोर्ट, व्हिसा, परीक्षेचे फॉर्म यांच्या फोटोंना यातलं काहीही करू नका, तिथे चेहरा जसा आहे तसाच लागतो, बदललेला फोटो परत येऊ शकतो. मागितलेल्या मापाला कापायचं, ३५ बाय ४५ मिलीमीटर असेल तर ३०० डीपीआयवर ते ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतात, तेवढंच.

काम करताना झूम १०० टक्क्यांच्या वर क्वचितच न्या. ४०० वर गेलात की प्रत्येक छिद्र शत्रू वाटायला लागतं. आणि दर पाच मिनिटांनी ३३ टक्क्यांवर येऊन बघा, मूळ लेयर चालू-बंद करून बघा, मग उठून पाणी पिऊन या आणि परत बघा, डोळ्यांना सवय होते आणि ती सवय दगा देते.

शेवटचं म्हणजे "स्क्रीनवर मस्त होता, प्रिंटमध्ये चेहरा काळवंडला." स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर ठेवून काम केलंत की हे होणारच, कागद स्वतः चमकत नाही. ब्राइटनेस एवढा उतरवा की शेजारी धरलेला पांढरा कागद आणि स्क्रीनवरचं रिकामं पान सारखं वाटेल. जेपेग काढताना रंगांची पद्धत एसआरजीबीच ठेवा, अडोबी आरजीबी दिला तर साध्या लॅबमध्ये आणि फोनवर कातडी फिकी, मेलेली येते. लॅबवाल्याला काउंटरवरच सांगा की ऑटो करेक्शन बंद ठेव, नाहीतर तुम्ही सांभाळलेली हळद तो काढून टाकेल. राजवाड्याजवळच्या ज्या लॅबमध्ये मी जातो तिथे आधी एक ४ बाय ६ काढून घेतो, दुकानाबाहेर येऊन दिवसाच्या उजेडात बघतो, मग मोठी ऑर्डर देतो. आबांच्या फोटोचे असे तीन काढले, तिसऱ्यात कोटाचा रंग बरोबर आला, मग १२ बाय १८ सांगितला.